दादाचं पाणी, दादाचं मीठ : उन्हाळा २०२४ च्या प्रकल्प नोंदी

५ मार्च २०२४, मंगळवार

दादाला काल पुण्याहून गावी आणलं. डाव्या बाजूची अ‍ॅड्रिनल ग्रंथी दुर्बिणीतून काढली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ही ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची, आणि तिच्यातली गाठ दोन सेंटिमीटरहूनही लहान. या एवढ्याशा गाठीनं दादाची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. चार-चार गोळ्या घेऊनही बीपी १७०-१०० च्या खाली उतरत नव्हतं. पाय गळून जायचे. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. पोटॅशियम २.९ पर्यंत खाली गेलं होतं.

गाठ अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक बेसुमार सोडत होती. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोडून दे. मीठ राहिलं की त्याच्यामागं पाणी राहतं आणि बीपी चढतं. १९५५ साली मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी हा आजार मांडला, म्हणून त्याला कॉनचा आजार म्हणतात. दादाच्या बाबतीत तो ओळखायला इतका उशीर का लागला, याचं मला फार वाईट वाटतं. कमी पोटॅशियम आणि न ऐकणारं बीपी एकत्र दिसलं की रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि त्याला हुकूम देणारं रेनिन तपासावं, एवढं सुचायला हवं होतं. असो. गाठ निघाली.

दवाखान्याच्या सुट्टीच्या कागदावर गोळ्यांच्या खाली लिहिलंय : भरपूर पाणी प्या, मीठ नेहमीसारखं खा, दर आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो रक्तातला कचरा; गाळणी मंदावली की हा चढतो) व इलेक्ट्रोलाइट (सोडियम, पोटॅशियम). स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं औषध) आणि पोटॅशियमचं सिरप शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बंद. बीपीची एकच गोळी चालू.

‘भरपूर’ म्हणजे किती? बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मार्च ते जून, कोरडवाहू शेती करणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसानं किती पाणी प्यावं, कशासोबत प्यावं, आणि ते पुरतंय हे कशावरून ओळखावं? पावसाळा लागेपर्यंत मी एवढंच काम हातात घेतलंय. मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. मोजमाप करणं मला जमतं. औषधाचा आणि मिठाचा प्रत्येक निर्णय मात्र डॉक्टरांचा.

शस्त्रक्रियेआधीचे आकडे : क्रिएटिनिन १.०, जीएफआर (मूत्रपिंडाची गाळणी किती वेगानं चालते त्याचा आकडा) ९१. हे इथं लिहून ठेवणं गरजेचं आहे, पुढं लागणार आहेत.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

दादा दरवर्षी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जातो, दिवसभर कडक उपास, काही वेळा पाण्याविना. वहिनींनी कालच फोन केला : “भाऊजी, तुम्हीच सांगा त्यांला. माझं ऐकायलेत कुठं?”

सकाळी गेलो. देवाला बसल्या जागेवरून हात जोड म्हणालो, आणि उपासाचा फराळ बघितला. रताळं, बटाट्याचा कीस, केळी, वर खजूर. एका ताटात एवढं पोटॅशियम एरवी क्वचितच येतं. फेब्रुवारीपर्यंत हेच पदार्थ दादाला मुद्दाम खा म्हणत होते, कारण पोटॅशियम गळून जात होतं. आता उलट झालंय. डाव्या ग्रंथीच्या धुमाकुळामुळं उजवी ग्रंथी इतकी वर्षं निजून होती. तिला कामाला लागायला काही आठवडे जातात. तोवर अल्डोस्टेरॉन कमीच राहणार, म्हणजे मीठ गळणार आणि पोटॅशियम साठणार.

दादाला एवढंच सांगितलं की काल जे औषध होतं ते आज नडू शकतं. त्याला पटलं. वरईचा भात, शेंगदाण्याची पातळ आमटी, सैंधव टाकलेलं ताक. सैंधवाचा पुडा उलटून पाहिला, साधंच होतं. बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ते या घरात यायला नको, हे वहिनींना बजावलं.

९ मार्च, शनिवार

घरातली भांडी मोजली. कॉलेजातून एक लिटरचं मोजपात्र आणलं होतं. पितळी तांब्या काठोकाठ ८५० मिली. दादाचं फुलपात्र १६० मिली. शेतात न्यायची प्लॅस्टिकची कॅन पाच लिटर. चहाचा कप ९० मिली.

डॉक्टरांशी बोलून ठरलं ते असं : घरी सावलीत असताना दिवसाला अडीच लिटर प्यायचं, त्यात ताक आणि पातळ डाळही धरायची. दिवसभराची लघवी दोन लिटरच्या आसपास व्हावी. एकदम तांब्याभर ढोसायचं नाही. मूत्रपिंडाला तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकता येतं. त्याहून जास्त रिचवलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि दादाचं सोडियम तर आधीच गळतंय.

अडीच लिटर म्हणजे सोळा फुलपात्रं. मोबाइलवर नोंद ठेवायचं सुचवलं, पण दादाच्या हाती मोबाइल म्हणजे फोन उचलण्यापुरता. तोडगा वहिनींनी काढला. माठाशेजारी दोन वाट्या ठेवल्या, एकीत सोळा चिंचोके. एक फुलपात्र प्यालं की एक चिंचोका पलीकडच्या वाटीत. येता-जाता घरातल्या कुणालाही दिसतं की दादा कुठं पोचलाय. दुपारच्या जेवणापर्यंत निम्मे पलीकडं गेले पाहिजेत, आणि दिवेलागणीनंतर दोनच्या वर नाही, नाहीतर रात्रीची झोप मोडते.

दादाची तक्रार एकच : “तहानच लागंना, तर काय पिऊ?”

इतकी वर्षं त्याच्या अंगात मीठ-पाणी साठलेलं होतं आणि पोटॅशियम कमी असल्यानं लघवी भराभर व्हायची. तहान सतत असायची. आता ती अचानक कमी झाली. तहानेवर सोडून चालणार नाही, म्हणून चिंचोके.

१२ मार्च, मंगळवार

पहिला रिपोर्ट. क्रिएटिनिन १.४. सोडियम १३३, जरा कमी. पोटॅशियम ५.३, जरा जास्त. जीएफआर ९१ वरून ६० वर.

घरात रडारड. वहिनींचं म्हणणं, “ऑपरेशननं किडनीच घालवली.” त्यांच्या जागी कुणालाही असंच वाटलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मूत्रपिंडातून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतला जातो. जास्तीच्या अल्डोस्टेरॉननं दादाचं मूत्रपिंड वर्षानुवर्षं वाढीव दाबाखाली पळत होतं. गाळणी गरजेपेक्षा जोरात चालत होती, म्हणून क्रिएटिनिन १.० दिसत होतं. तो आकडा चांगला दिसत होता, पण खरा नव्हता. बैलाला सतत चाबूक मारून पळवलं तर त्याचे पाय दुखावलेत हे कळत नाही. चाबूक थांबला की तो लंगडताना दिसतो. गाठ निघाली, दाब उतरला, आणि आतली खरी झीज उघडी पडली. ती झीज शस्त्रक्रियेनं केलेली नाही. शस्त्रक्रिया झाली नसती तर ती आतल्या आत वाढत गेली असती. या आजारात शस्त्रक्रियेनंतर जीएफआर घसरणं हे अपेक्षितच असतं आणि सहसा पहिल्या काही आठवड्यांतच ते स्थिरावतं, असं डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि कागदावर ६० हा आकडा बघणं वेगळं.

त्यातला किती भाग झिजेचा आणि किती भाग अंग कोरडं पडल्याचा, हे मात्र आपल्याला शोधता येतं. दादाला पाच मिनिटं आडवं केलं, बीपी ११८-७६. उभं करून तीन मिनिटांनी ९८-६६. वरचा आकडा वीसनं पडला. अंगात पाणी आणि मीठ कमी आहे याची ही सरळ खूण. उठताना डोळ्यापुढं अंधारी येते हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांना फोन. ईसीजी काढून घेतला, ठीक आहे. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न पाण्याचा नव्हताच. ते म्हणाले, “भाजीत मीठ घालता का?”

१३ मार्च, बुधवार

घालत नव्हते.

बीपी आहे म्हणून या घरात आठ-दहा वर्षं दादासाठी वेगळी, अळणी आमटी निघते. वहिनींनी ती शिस्त प्रेमानं पाळली, आणि कागदावर ‘मीठ नेहमीसारखं’ वाचून नेहमीसारखंच, म्हणजे अळणी, चालू ठेवलं. त्यांचा काही दोष नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी मीठ विष आहे म्हणून सांगितलं, त्यांच्याच कागदावर आता मीठ खा म्हणून लिहिलेलं. कुणाला विश्वास बसेल?

मला या सगळ्यात कळलेली मुख्य गोष्ट हीच, आणि ती ठळक लिहावीशी वाटते. या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे पाणी एकटं पुरत नाही. मीठ नसेल तर प्यालेलं पाणी अंगात थांबत नाही. लघवीवाटे निघून जातं, आणि जे राहतं ते सोडियम आणखी पातळ करतं. दादा चिंचोके प्रामाणिकपणे हलवत होता, तरी उभं राहिल्यावर बीपी पडत होतं, ते यामुळं. शिवाय लघवीत सोडियम पुरेसं पोचलं तर पोटॅशियमलाही बाहेर पडायला वाट मिळते. म्हणजे एका मिठानं दोन कामं होतात.

आजपासून सगळ्यांच्या पातेल्यातली आमटी दादाच्या ताटात. दुपारी मीठ-जिऱ्याचं दोन फुलपात्रं पातळ ताक. किती दिवस, ते सोडियम आणि बीपी बघून डॉक्टर ठरवतील. ज्याला मूळचा हृदयाचा त्रास आहे किंवा पायावर सूज आहे, त्यानं हे वाचून मीठ वाढवू नये.

१७ मार्च, रविवार

भेटायला येणाऱ्यांची रीघ. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. कुणी शहाळी आणतं, कुणी जालन्याची मोसंबी, कुणी केळ्यांची फणी. ओसरीवर शहाळ्यांचा ढीग लागलाय.

लिटरभर शहाळ्याच्या पाण्यात दोन ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्येही लिटरमागं दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतंच, पण शहाळ्यात त्याच्या दुपटीहून अधिक पोटॅशियम, आणि सोडियम मात्र अगदी कमी. दादाला आज जे हवंय त्याच्या नेमकं उलट. उन्हातून आलेल्या निरोगी माणसाला शहाळं उत्तमच.

आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही. वहिनी शहाळं घेतात, आणणाऱ्यालाच फोडून देतात, आणि दादा त्यांच्यासोबत ताक पितो. मामा बसले होते, म्हणाले, “आजाऱ्याला उपाशी ठेवून मलाच पाजायलात व्हय?” दादानं फुलपात्र वर करून दाखवलं. छान बसले दोघं संध्याकाळपर्यंत.

१९ मार्च, मंगळवार

सोडियम १३६, पोटॅशियम ५.०, क्रिएटिनिन १.४. आडवं १२२-७८, उभं ११४-७४. अंधारी येणं थांबलं. मीठ लागू पडलं.

३ एप्रिल, बुधवार

टँकर सुरू झाला. पाऊस गेल्या वर्षी हुलकावणी देऊन गेला. धनेगावचं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, तरी आमच्या वस्तीला एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा देशभर बातमी झाली. इथल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन हे रोज करतात, त्याची बातमी होत नाही. डॉक्टर ‘भरपूर पाणी प्या’ लिहितात तेव्हा त्या पाण्यासाठी घरात कुणाला तरी भर उन्हात हंडा घेऊन उभं राहावं लागतं, हे त्या ओळीत येत नाही. आमच्या घरी ते वहिनी आणि पुतणी करतात. म्हणून आज असं ठरवलं की दादाचं पिण्याचं पाणी मी अंबाजोगाईहून येताना जारमध्ये आणायचं. त्यांच्या खांद्यावर तेवढा एक हंडा कमी.

कॉलेजातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागं किती मिलिग्रॅम ते सांगणारं यंत्र, आणून तिन्ही पाणी मोजली. घरची बोअर १४८०, टँकर ६२०, जार ४५. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत टीडीएस चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आणि नायट्रेट किती, ते प्रयोगशाळेत पाठवून बघावं लागतं, नमुना दिलाय. बोअरचं पाणी जड आहे, चव मचूळ, त्यामुळंही दादाला ते जात नव्हतं. जारचं पाणी माठात ओतलं की तो आपण होऊन पितो. पाणी गोड लागणं हीसुद्धा औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे, असं माझं मत झालंय.

११ एप्रिल, गुरुवार

पाडवा झाला आणि काल रात्री रिपोर्ट आला : पोटॅशियम ६.१. हा आकडा हृदयाचे ठोके बिघडवू शकतो, म्हणून रात्रीच गाडी काढून अंबाजोगाई गाठली. ईसीजी व्यवस्थित. दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं : ४.९.

फरक कुठून आला ते रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात होतं : नमुना हिमोलाइज्ड. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं. नमुना घेताना-नेताना पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा खोटा चढतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ उघड-मीट करायला लावली, बारीक सुईनं जोरात ओढलं, किंवा गावातून गोळा केलेला नमुना मोटारसायकलच्या डिकीत तासन् तास हिंदकळत गेला, तर असं होतं. यापुढं दादाचं रक्त गावात द्यायचं नाही; जिथं तपासणी होते तिथंच जाऊन द्यायचं, आणि मूठ सैल ठेवायची.

तरीही रात्री धावत गेलो ते योग्यच होतं. असा आकडा दिसला की खोटा असेल म्हणून सकाळची वाट बघत बसू नये.

२१ एप्रिल, रविवार

आज वाचनाचा दिवस. भरपूर पाणी प्यालं की मूत्रपिंड सुधारतं, असं सगळे म्हणतात. त्याला आधार काय?

कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या ६३१ लोकांवर एक चाचणी झाली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोजच्यापेक्षा लिटर-दीड लिटर पाणी जास्त प्यायला शिकवलं, निम्म्यांना आहे तेच चालू ठेवायला सांगितलं. वर्षानंतर दोन्ही गटांच्या जीएफआरच्या घसरणीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एवढं मागं लागूनही पहिल्या गटाची लघवी दिवसाला सरासरी ०.६ लिटरनंच वाढली, हेही बघण्यासारखं आहे.

म्हणजे जास्तीच्या पाण्यानं झिजलेली गाळणी भरून येत नाही. दादाचं ६० पाण्यानं पुन्हा ९१ होणार नाही, ही आशा सोडलेली बरी, आणि दादालाही आज तसं स्पष्ट सांगितलं. पण ती चाचणी थंड देशातल्या लोकांची होती आणि तिचा प्रश्न होता तो जादा पाण्याचा. आमचा प्रश्न कमी पडणाऱ्या पाण्याचा आहे. अंग कोरडं पडलं की मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त कमी होतं, क्रिएटिनिन चढतं, आणि हे वारंवार झालं तर जे उरलंय त्यालाही धक्का बसतो. दादाला पाणी पाजायचं ते आहे तेवढं राखायला.

६ मे, सोमवार

उन्हानं कहर केलाय. सकाळी नऊलाच अंगणात पाय ठेववत नाही.

दादानं शेतात जायला सुरुवात केली, डॉक्टरांच्या परवानगीनं, जड उचलायचं नाही या अटीवर. मागच्या आठवड्याचं क्रिएटिनिन १.५, जीएफआर ५६. पोटॅशियम ४.८, ठीक. सकाळचं वजन मात्र शेतात जायला लागल्यापासून दीड किलोनं कमी. एवढ्या दिवसांत चरबी इतकी उतरत नाही, हे पाणी आहे. उन्हात काम करताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. सोळा चिंचोक्यांचा हिशोब सावलीतला होता.

नवा हिशोब : शेतात गेलेल्या दिवशी साडेतीन लिटर. पाच लिटरची कॅन गोणपाटात गुंडाळून, गोणपाट भिजवून, बांधावरच्या लिंबाखाली. दर अर्ध्या तासाला एक फुलपात्र, तहान असो नसो. पहाटे सहा ते साडेनऊ काम, मग घर. दुपारचं शेत बंद. पुतण्यानं कॅनवर खडूनं रेघा मारल्या, दीड लिटर, दोन लिटर. कुठं पोचायचं ते बघितल्या बघितल्या कळतं.

कंबर भरली म्हणून शेजाऱ्यानं दादाला एक गोळी दिली होती. पाकीट बघितलं, डायक्लोफिनॅक. घेतली नव्हती, बरं झालं. अंग कोरडं असताना मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या जोरावर टिकवून धरतं, तीच ही गोळी बंद करते. आयबुप्रोफेनही त्याच जातीची. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. किराणा दुकानातही मिळणाऱ्या या गोळ्या आपल्या भागात शेतमजूर मुरमुऱ्यासारख्या खातात, त्याची मला फार काळजी वाटते.

दादाबरोबर बांधावर बसलो असताना फडावरून परत आलेली दोन घरं भेटली. ऊसतोडीला गेलेली माणसं आत्ताच गावी परततायत. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मधुमेह नाही, बीपी नाही, तरी निकामी होताना आढळली. उन्हातलं अतिश्रम आणि वारंवार कोरडं पडणं हे त्याचं मोठं कारण मानलं जातं, आणि तिथं पाणी, सावली, विश्रांती यांची सोय करून बघितली गेली. आपल्या बीडची माणसं दरवर्षी हेच काम करतात. त्यांची क्रिएटिनिनची तपासणी फडावरच व्हावी, दर हंगामाला व्हावी. दादाच्या निमित्तानं मला हे कळलं. हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

१३ मे, सोमवार

मतदान. दादा सकाळी सातलाच रांगेत लागला, सोबत बाटली. आठच्या आत घरी. वजन पुन्हा जागेवर आलंय, उभं बीपी ११८-७६.

२४ मे, शुक्रवार

लग्नाच्या जेवणानंतर परवा रात्रीपासून दादाला जुलाब आणि दोन उलट्या. ज्याची भीती होती तेच झालं.

आमच्याकडं याची तयारी लिहून ठेवलेली होती आणि ती कामी आली. पहिल्या जुलाबानंतर ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, घोट घोट. इथं ओआरएसमधल्या पोटॅशियमचं भय धरायचं नाही, कारण जुलाबावाटे पोटॅशियमही जातंय. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. बीपीची गोळी त्या दिवशी विचारून थांबवली. उलटी झाली तेव्हा पोटात काही टिकत नाही म्हणून वाट न बघता दवाखाना. दोन सलाइन. क्रिएटिनिन दाखल होताना १.९, सोडियम १३२.

वहिनी रात्रभर लघवीची नोंद ठेवत बसल्या. सकाळी लघवी मोकळी झाली, रंग उतरला, तेव्हा त्यांनी मला फोन करून फक्त रंग सांगितला, “उसाच्या रसावरून आता लिंबाच्या पाण्यावर आलीय.” एवढ्या एका वाक्यानं जीव भांड्यात पडला. आज दुपारी घरी सोडलं.

२९ मे, बुधवार

क्रिएटिनिन १.४. उतरलं. म्हणजे १.९ मधला वरचा भाग कोरडेपणाचा होता आणि तो वेळेत भरून निघाला. पाण्यानं मूत्रपिंड राखतात ते असं.

बोअरच्या नमुन्याचा अहवालही आला. फ्लोराइड मर्यादेत, नायट्रेट मात्र लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. बोअर पिण्यासाठी कायमची बंद. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. ग्रामपंचायतीला अहवालाची प्रत दिली, कारण त्याच पट्ट्यातल्या बोअरवर आणखी घरं आहेत.

११ जून, मंगळवार

मृग लागला आणि पाऊसही आला. दादा बी-बियाण्याच्या धावपळीत. त्याला ओढून तपासणीला नेलं.

क्रिएटिनिन १.३, जीएफआर ६६. सोडियम १३९, पोटॅशियम ४.६. बीपी एका गोळीवर १२८-८०. चार गोळ्यांवर १७० असलेला माणूस हा. रात्री एकदाच उठतो. डॉक्टरांचं मत, उजवी ग्रंथी कामाला लागली. त्यामुळं जास्तीचं मीठ आजपासून बंद : आमटी सगळ्यांची, पण लोणचं-पापड नाही, वरून मीठ नाही. केळं, मोसंबी अधूनमधून चालेल. पाणी अडीच लिटर कायम, उन्हात राबला तर जास्त. पावसाळी हवेत तहान आणखी कमी होते, म्हणून चिंचोक्यांच्या वाट्या वहिनींनी माठाशेजारून काढू दिल्या नाहीत. पुढची रक्त-लघवीची तपासणी सप्टेंबरमध्ये. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही त्यात बघायचंय.

दादाच्या खिशात ठेवायला एक कार्ड करून प्लॅस्टिकमध्ये बंद केलं. कुठंही, कुणाही डॉक्टरकडं गेला तरी ते आधी दाखवायचं. मजकूर असा :

डाव्या अ‍ॅड्रिनलची शस्त्रक्रिया, फेब्रुवारी २०२४, अल्डोस्टेरॉनची गाठ. नेहमीचं क्रिएटिनिन १.३ ते १.४. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन व तत्सम वेदनाशामक देऊ नये. पोटॅशियमची औषधं तपासल्याशिवाय देऊ नयेत. जुलाब-उलट्या झाल्यास त्याच दिवशी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम बघावं. खाली माझा आणि वहिनींचा नंबर.